दोन मडक्यांतली आंबील

शेंगदाण्याचं दही लावायचं असेल तर दाणे नवे हवेत. जुन्या दाण्याला खवट वास असतो आणि तो उकळूनही जात नाही. दाणे रात्री भिजत घालावेत, सकाळी चोळून सालं काढावीत, पाट्यावर थोडं थोडं पाणी घेत गंधासारखे वाटावेत आणि धुतलेल्या फडक्यातून गाळावेत. निघालेलं दूध मंद आचेवर, हात न थांबवता ढवळत तापवावं. बोटाला सोसेल इतकं निवलं की हिरव्या मिरचीचे देठ त्यात सोडावेत, मडकं चुलीच्या उबेला ठेवावं आणि विसरून जावं. विसरणं महत्त्वाचं. मी पहिल्या खेपेला सारखं झाकण काढून बघत राहिले, म्हणून ते लागलं नाही.

परवा माझी मुलगी म्हणाली, "आई, घरात दुभती म्हैस असताना हा खटाटोप तू शिकलीस कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. म्हैस होती. दूधही भरपूर होतं. माझ्या सासूबाई रोज पहाटे स्वतः ताक घुसळायच्या. आमच्या गल्लीच्या एका अंगाला तेलुगू विणकरांची घरं होती. तिकडून मागांची खटखट सुरू व्हायची आणि इकडून रवीची घुमघुम. मग गिरणीचा भोंगा व्हायचा. सोलापूरच्या त्या सकाळी मला अजून याच क्रमाने ऐकू येतात. लोणी निघालं की सासूबाई त्याचा गोळा करून पाण्यात टाकायच्या, हात मात्र चाटायच्या नाहीत. राखेने घासून धुवायच्या. ताक शेजारीपाजारी वाटायच्या. आणि जेवायला बसल्या की पानात भाकरी, शेंगाची चटणी आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

मी लग्न होऊन त्या घरात आले ते एकोणीसशे तीसच्या अलीकडे-पलीकडे. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पानात दही वाढत गेले आणि त्यांच्याही पानात वाढणार, एवढ्यात त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"मला नगं."

"आवडत नाही का, आत्याबाई?" मी विचारलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत.

सासरे हसले. "आवडत न्हाय? हिच्या माहेरी हिला ताकपिशी म्हणायचे."

कारण मला वन्संनी सांगितलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, अक्कलकोटला दिलेली. तिची दोन मुलं जन्मून महिनाभरही राहिली नव्हती. दुसरं गेलं तेव्हा आत्याबाई तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या पायरीवर बसून बोलल्या होत्या, "माझ्या लेकीचं लेकरू आपल्या हातानं दुधाची वाटी तोंडाला लावंल, तवा त्याच्या मागनं मी लावीन. तवर दूध, दही, ताक, लोणी, तूप, काय न्हाय."

तीन वर्षं झाली होती, आणि नेमात कधी खंड पडला नव्हता. सासरे चिडायचे. "देवाला तुझ्या ताकाची काय पडलीया?"

"देवाला न्हाय पडली. मला पडलीया," एवढंच उत्तर.

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. ज्वारीची भाकरी, तिखट चटणी आणि वर ताक नाही. आत्याबाईंचं तोंड आलं, मग घास गिळेना. अंगातलं पोलकं सैल व्हायला लागलं. वैद्यांनी ताक सांगितलं. त्या वैद्यांना म्हणाल्या, "दुसरं सांगा." वैद्यांकडे दुसरं नव्हतं.

माझा स्वभाव तेव्हाही आत्तासारखाच होता. एखादी गोष्ट अडली की मी आधी यादी करते. नेमात काय बसत नाही ते ठरलेलंच होतं, तेव्हा काय बसतं याचा विचार सुरू केला. भाकरीवर तुपाऐवजी काय? करडईचं घाण्याचं कच्चं तेल. त्याला स्वतःचा वास असतो आणि कोरडी भाकरी त्याने घशाखाली उतरते. पुरणपोळीवर दुधाऐवजी काय? नारळाचं दूध. पण सोलापुरात नारळ म्हणजे देवापुढे फुटेल तोच, तेव्हा हे सणापुरतं. हुग्गी ही आमच्या लिंगायत घरांतली सणाची गव्हाची खीर, ती दूध-तुपाशिवाय कुणी खात नाही. तिच्यासाठी मी खसखस भिजवून वाटली आणि तिचं दूध काढलं. आत्याबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि दुपारभर गाढ झोपल्या. सासऱ्यांनी येऊन दोनदा श्वास बघितला. तेव्हापासून खसखस बेताने.

याच दिवसांत आमच्या "ह्यांनी" एक वेगळीच फर्माईश केली. हे गिरणीच्या कचेरीत कारकून होते. कुणा मित्राबरोबर स्टेशनजवळच्या हॉटेलात बसून आम्लेट बघून आले होते. बघून आले, असं त्यांचं म्हणणं. हळूच मला म्हणाले, "तुझ्या यादीत अंड्याचं काही आहे का?" लिंगायताच्या चुलीवर अंडं चढणार नव्हतंच. मी बेसन खूप फेटलं, त्यात चिमूटभर पापडखार, कांदा, मिरची घातली आणि तव्यावर झाकण ठेवून फुगवलं. ते खाऊन म्हणाले, "चव आहे. वास तेवढा नाही."

"बघून आलात ना नुसतं? मग वास-चव कळली कशी?" मी विचारलं.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. ताटात डोकावल्या. "काय रं? धिरडंच की हे."

"व्हय अव्वा, धिरडंच," हे खाली मान घालून म्हणाले.

तर असं एकेक जमत गेलं, पण ताक जमेना. आणि आत्याबाईंना हवं होतं ते ताकच. चिंचेचं सार केलं, बेसन लावून त्याची कढीसारखी आमटी केली. त्या निमूट जेवायच्या आणि म्हणायच्या, "बरी झालीया." हे "बरी झालीया" मला ओळखता यायला लागलं होतं.

शेंगदाण्याचं दूध काढायची कल्पना माझी, कारण दाण्याला आमच्याकडे तोटा नव्हता. पहिलं खालून लागलं. दुसरं उतू जाऊन चूल विझली. तिसरं चांगलं निघालं, पण विरजण कुठून आणायचं? विरजणाला दही लागतं आणि दह्याचा एक थेंबही नेमात बसत नव्हता. दाराशी बसून मी हे शेजारच्या विणकरांच्या अक्कांना सांगत होते. त्यांच्या मराठीत तेलुगूचा हेल होता. त्या सुताची कांडी भरता भरता म्हणाल्या, "आमच्याकडं कधी विरजण सरतंय, मग मिरचीचं देठ टाकतोय आमी. दुधाला लागतंय. दाण्याच्या दुधाला लागतंय का न्हाय, कुणाला ठावं अम्मा. टाकून बघ की."

पहिल्या खेपेला नुसता चिकट पातळ रस झाला. पण त्यातलाच चमचाभर दुसऱ्या खेपेला विरजण म्हणून घातला, तेव्हा मडकं तिरकं केलं तरी हललं नाही. पांढरं, आंबट, चमच्याने तुटणारं दही.

आत्याबाई पाट्याजवळ उकिडव्या बसून सगळं बघत होत्या. दाणे कुठले, फडकं कुठलं, मडकं नवं की दुधाचं, सगळं विचारलं. मडकं कोरं होतं. मग बोट लावलं. चाटलं. आत जाऊन अर्धी भाकरी घेऊन आल्या आणि तिथेच पाट्याशेजारी बसून खाल्ली. मग आणखी अर्धी आणली.

गाळून उरलेला चोथा मी म्हशीच्या आंबोणात घालायची. सासऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं. "ह्या घरात म्हशीचं आन बायकूचं आंबोण एकच झालं!"

"मग आजपासनं चहा बी म्हशीलाच मागा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जोर आला होता, त्यावरूनच मला कळलं की अंगात काही उतरतंय.

दिवाळीनंतर वन्संना दिवस असल्याचा निरोप आला. आधीच्या दोन खेपा बघून जावईबापूंनी तिला लवकरच माहेरी आणून सोडलं. आत्याबाई हरखल्या आणि त्या दिवसापासून घाबरल्याही. ताक घुसळून झाल्यावर पूर्वी एकदा हात धुवायच्या, आता दोनदा धुवायला लागल्या. दुधाच्या भांड्यावरून उडालेला शिंतोडा गालावर पडला तर तोंड मिटून, पदराने पुसून, चूळ भरून यायच्या. "औंदा काय बी चुकायचं न्हाय," म्हणायच्या.

वन्संचे डोहाळे मात्र मला महागात पडले. तिला शेंगदाण्याच्या दुधाचा वासच सहन होईना. मी मडकं चुलीवर ठेवलं की ती नाकाला पदर लावून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायची.

"वयनी, तुझं ते पांढरं औषध झालं का गं?" बाहेरून ओरडायची. "मला आत यायचंय!"

"निवतंय अजून," मी म्हणायची.

"मग मी हितंच मरते."

"मरायचं नाव घेऊ नगंस!" आतून आत्याबाई.

म्हशीच्या दुधाचं तिला काही नव्हतं. पेल्यामागून पेला प्यायची.

मग आली वेळ अमावास्या. आमच्याकडे हा शेताचा सण. ज्वारी कंबरेच्या वर आलेली असते, त्या दिवशी सगळ्यांनी शेतात जायचं, कडब्याच्या खोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि तिथेच जेवायचं. जेवणात सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पण खरा मान आंबिलीचा. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं, वर लसूण, जिरं, मीठ आणि पुन्हा ताक. मडक्यात भरून न्यायची आणि उन्हात वाटीवर वाटी प्यायची. आत्याबाईंनी तीन अमावास्या आंबील सगळ्यांना वाढली होती, स्वतः प्यायल्या नव्हत्या.

या वर्षी मी दोन मडकी केली. एकात म्हशीच्या ताकाची आंबील, दुसऱ्यात दाण्याच्या ताकाची. मडकी सारखीच, दोन्हींना चुन्याचे पट्टे, तोंडाला पांढरं फडकं. घोटाळा नको म्हणून आत्याबाईंच्या मडक्याच्या गाठीत मी एक हिरवा मिरचीचा देठ खोचला. खूण करून मी निश्चिंत झाले. ही खूण मी कुणाला सांगितली नाही, कारण वाढणार मीच होते.

शेत होटगीच्या बाजूला होतं. बैलगाडीचे हिसके वन्संना नकोत म्हणून आम्ही आगगाडीने गेलो. एक मडकं माझ्या मांडीत, एक ह्यांच्या. कचेरीतली टोपी आणि मांडीत चुन्याचं मडकं! डब्यातले लोक बघून हसत होते, पण निम्म्या लोकांच्या मांडीतही मडकीच होती.

शेतात पोहोचलो. खोपीत पांडव मांडले. मी आणि वन्सं भज्जीची पातेली उतरवत होतो, तेवढ्यात आत्याबाईंनी पूजेला सुरुवात केली. आंबिलीची मडकी देवापुढे मांडायची असतात. हळदीत भिजवलेला नवा दोरा त्यांच्या गळ्याला बांधायचा असतो. त्यांनी जुनी फडकी सोडली, झटकली, पुन्हा बांधली, दोरे गुंडाळले, कुंकू लावलं. मग सासऱ्यांनी मडकी हातात घेऊन पांडवांभोवती फिरवली, खाली ठेवली, आंबिलीचे शिंतोडे पिकावर उडवत शेताला फेरी घातली.

पूजा झाली आणि मी वाट्या घेऊन आले, तेव्हा आत्याबाईंनी आपणच एका मडक्यातून वाटी भरून घेतली होती. तीन वर्षांची तहान होती ती. एका दमात अर्धी वाटी प्यायल्या. डोळे मिटले.

मी मडक्यांकडे बघितलं. दोन्हींना पिवळे दोरे. देठ कुठेच नव्हता.

"आत्याबाई, गाठीत देठ होता ना एका?"

"व्हता की. मिरचीचा देठ देवाफुडं कशाला? काडून टाकला." आणि मग त्यांना माझा चेहरा दिसला. "का गं? खूण व्हती का ती? मला वाटलं, डावीकडलं माजं."

मला खोटं बोलता आलं असतं. पण तोवर त्यांनी स्वतःच वाटीत बघितलं, जिभेवर राहिलेली चव पुन्हा घोळवली आणि वाटी तोंडापासून दूर धरली.

"म्हशीचं हाय हे," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर घुसळलंय मी. म्हशीचंच हाय."

त्या तिथेच मातीत बसल्या. वन्संकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. वन्संचा हात आपोआप पोटावर गेला. ज्वारीतून वारा जात होता आणि शेजारच्या शेतातले लोक गाणी म्हणत होते.

सासरे पुढे झाले. "थांब. बघतो मी." एका मडक्यातली वाटीभर प्यायले. मिशी पुसली. दुसऱ्यातली प्यायले. पुन्हा पहिल्यातली प्यायले.

"काय?" हे म्हणाले.

"दोनी चांगल्या झाल्याता."

"अप्पा, तसं नव्हे हो! कुठली कशाची?"

"ते कळंना झालंय."

ह्यांनीही चाखली. मीही चाखली. तिखट, लसूण आणि ज्वारीचा आंबूसपणा, यांच्या खाली ताक कुठे दाण्याचं आणि कुठे म्हशीचं, मलाही सांगता येईना. इतके महिने मी जे साधायला धडपडले होते ते इतकं साधलं होतं की आता त्यातून वाट निघत नव्हती. आत्याबाई पुटपुटत होत्या, "माज्या हातानं केलं मी. माज्या हातानं."

मग माझ्या डोक्यात आलं. मी आत्याबाईंच्या हातातली अर्धी वाटी काढून घेतली आणि वन्संसमोर धरली.

"वन्सं, वास घ्या."

"मी? मला न्हाय कळायचं, लसणाचा वास..."

"घ्या तर खरं. नाक अगदी आत घाला."

तिने वाटी नाकाजवळ नेली. एकदा हुंगलं. कपाळाला आठी पडली. दुसऱ्यांदा हुंगलं, आणि वाटी माझ्या हातात ढकलून, तोंडावर हात दाबून ती ज्वारीच्या ताटांकडे धावली. सकाळपासून खाल्लेलं सगळं बाहेर आलं.

आत्याबाई उठल्या. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर इतकं जोरात पळताना पाहिलं नाही. लेकीचं कपाळ दोन्ही हातांनी धरून त्या हसत होत्या आणि रडत होत्या. "ओक गं माजी बाय! ओक! आणि ओक!"

"अगं अव्वा, सोड," वन्सं कशीबशी म्हणाली. "मला मारतीस का काय!"

खात्रीसाठी मी दुसऱ्या मडक्यातली वाटी तिला दिली. ती तिने सबंध प्यायली आणि आणखी मागितली. तेव्हा सासरे खोपीत खाली बसले आणि म्हणाले, "आता जेवायला घाला कुणीतरी." आत्याबाईंनी आपली उरलेली अर्धी वाटी संपवली आणि त्यानंतर किती भरून घेतल्या ते मी मोजलं नाही. मडकं मात्र रिकामंच घरी आलं.

परतीच्या गाडीत आत्याबाई माझ्याजवळ सरकून बसल्या. "सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "पुडच्या बारीला खूण मडक्याच्या बुडाला कर. कोळशानं. आन मला सांगून कर."

तेव्हापासून मी खूण नेहमी भांड्याच्या बुडाला करते. आणि सांगून करते.

वन्संना उन्हाळ्यात मुलगी झाली. पहिला महिना आत्याबाईंनी कसा काढला ते लिहीत नाही. दुसरा लागला, तिसरा लागला. पोर बसायला लागली, रांगायला लागली, अक्कलकोटला गेली, परत आली. ती वर्षाची व्हायच्या सुमाराला एके सकाळी स्वयंपाकघरात आत्याबाईंनी चांदीची छोटी वाटी तिच्या पुढ्यात ठेवली आणि आपण हात मागे घेतले. आम्ही सगळे दारात उभे. पोरीने आधी वाटीत हात बुडवला. मग दोन्ही हातांनी वाटी उचलली, निम्मं दूध अंगावर सांडलं, उरलेल्यातलं थोडं प्यायली आणि वाटी आजीकडे फेकली.

वाटीच्या तळाशी घोटभर राहिलं होतं. आत्याबाईंनी ते उष्टं दूध तोंडाला लावलं.

त्या दिवशी आमच्याकडे सण होता. दुपारी मी त्यांच्या पानात म्हशीचं दही, वर तूप, शेजारी ताकाचा पेला वाढला. सगळं खाल्लं. "किती वर्षांनी गं," म्हणाल्या. आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात कळा यायला लागल्या. रात्र आडवं-उभं होण्यात गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतक्या वर्षांत पोटाची सवय मोडली होती.

सासऱ्यांनी पडल्या पडल्या टोमणा मारला, "देवानं सोडलं, पोटानं धरलं!"

आत्याबाई कट्ट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, नात मांडीवर. म्हाताऱ्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. आत वळून मला हाक मारली.

"सूनबाई, दाणं भिजत घाल गं."